दहा कोटी अंश आणि चुंबकाची गोधडी

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी हायस्कूलच्या विज्ञान मंडळापुढे बोलायला गेलो होतो. विषय होता अणुसंमीलन. हा विषय मी वीस वर्षे कॉलेजात शिकवतो आहे आणि त्यातले एक वाक्य माझ्या अगदी तोंडी बसलेले आहे: "दहा कोटी अंश तापलेला वायू कोणत्याही भांड्यात ठेवता येणार नाही, कारण भांडे क्षणात वितळून जाईल. म्हणून तो चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरून ठेवतात." बऱ्याच पुस्तकांतही हे वाक्य सापडते. मी ते नेहमीच्या ठसक्यात म्हटले आणि पुढे निघालो.

व्याख्यान संपल्यावर नववीतली एक मुलगी उठली. तिने छताकडे बोट दाखवले. तिथे दोन्ही टोकांना काळी पडलेली एक जुनी ट्यूबलाइट होती. ती म्हणाली, "सर, मघाशी तुम्हीच सांगितले, की ट्यूबमध्येसुद्धा प्लाझ्मा असतो आणि त्यातले इलेक्ट्रॉन दहा हजार अंशांच्या वर तापलेले असतात. मग ती काच का वितळत नाही?"

मी म्हणालो, "तिथे वायू फार विरळ असतो, म्हणून."

"मग तुमच्या त्या यंत्रात तो दाट असतो का?"

मी काहीतरी गोलमाल उत्तर देऊन खाली बसलो. खरे उत्तर होते, 'नाही'. संमीलनाच्या यंत्रातला प्लाझ्मा ट्यूबमधल्या वायूपेक्षाही कित्येक शेकडो पटींनी विरळ असतो. परतीच्या एस.टी.त निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर मी आकडेमोड केली आणि ध्यानात आले, की वीस वर्षे मी मुलांना एक चुकीचे कारण सांगत आलो आहे. चुंबकाची गरज आहे हे खरे, पण ती भांडे वाचवण्यासाठी नव्हे. मग कशासाठी? ते नीट समजायचे, तर आधी उष्णतेचे काम काय ते पाहिले पाहिजे.

उष्णता कशाला हवी?

हायड्रोजनची दोन जड भावंडे आहेत. एकाच्या अणुकेंद्रात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो, तो ड्यूटेरियम. दुसऱ्याच्यात एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात, तो ट्रिशियम. या दोघांची अणुकेंद्रे एकत्र आली, की हेलियमचे अणुकेंद्र तयार होते, एक न्यूट्रॉन सुटतो आणि भरपूर ऊर्जा बाहेर पडते. अडचण एवढीच, की दोन्ही अणुकेंद्रे धनभारित आहेत. ती जसजशी जवळ येतील तसतशी एकमेकांना अधिकाधिक जोराने दूर लोटतात. हा विरोध मोडून ती जवळजवळ भिडली, तरच त्यांना एकत्र बांधणारे अणुकेंद्रीय बल कामाला लागते. म्हणजे ती प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळली पाहिजेत.

वायूच्या कणांचा वेग वाढवायचा म्हणजे वायू तापवायचा, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तापवता तापवता आधी रेणू फुटतात, मग अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. किती तापमानाला आणि किती दाबाला किती अणू असे फुटतील, याचे सूत्र मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. सुटी अणुकेंद्रे आणि सुटे इलेक्ट्रॉन यांच्या या मिश्रणाला आपण प्लाझ्मा म्हणतो. तो आणखी तापवत दहा कोटी अंशांपर्यंत नेला, तर ड्यूटेरियमच्या अणुकेंद्राचा वेग सेकंदाला सुमारे ११०० किलोमीटर होतो. मुंबईहून आकाशमार्गे दिल्लीला जवळजवळ एका सेकंदात!

गंमत अशी, की जुन्या यांत्रिकीने हिशेब केला तर एवढी उष्णताही पुरत नाही. कित्येक शे कोटी अंश लागतील. पण १९२८ मध्ये जॉर्ज गॅमोव याने पुंजयांत्रिकीच्या आधारे दाखवले, की कण असा अडथळा न ओलांडताही कधीकधी आरपार निसटतो. त्या 'कधीकधी'वरच सूर्य चालला आहे.

इथे एखादा हुशार विद्यार्थी विचारील, की वेगच हवा, तर एवढा वायू तापवण्याचा खटाटोप कशाला? विद्युतदाबाने अणुकेंद्रांना वेग द्या आणि त्यांचा मारा करा. तसे केले तर संमीलन होतेच. केंब्रिजला रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी १९३४ मध्ये ड्यूटेरियमवर ड्यूटेरियमचा मारा करून ते घडवलेही. पण त्यातून वीज मिळवता येणार नाही, आणि का ते कॅरमबोर्डावर कळते.

समजा, बोर्डाची भोके अगदी बारीक आहेत आणि हजारो टोल्यांतून एखादी सोंगटी आत जाते. प्रत्येक टोला आपण बोटाने मारायचा आणि हुकलेल्या स्ट्रायकरची सारी शक्ती घर्षणात वाया जायची, असा खेळ असेल तर शेवटी बोट दुखेल आणि हिशेबात तोटाच येईल. माऱ्याच्या प्रयोगात हेच होते. बहुतेक कण नुसते बाजूला ढकलले जातात आणि त्यांची ऊर्जा फुकट जाते. आता असा बोर्ड कल्पा, की त्यात घर्षण मुळीच नाही. एकदा टोला मारला की सोंगट्या एकमेकींवर आदळत राहतात. एकीची शक्ती कमी झाली तर ती दुसरीला मिळते, बोर्डाबाहेर काही जात नाही. मग हुकल्याचे दुःख नाही, कारण पुन्हा पुन्हा संधी आहे. तापलेला प्लाझ्मा म्हणजे असा बोर्ड. उष्णता म्हणजे नुसता वेग नव्हे. ती सगळ्यांत वाटलेली आणि वाया न जाणारी गती आहे.

मात्र या खेळाला एक अट आहे. कडेच्या फळीने सोंगट्यांची शक्ती गिळता कामा नये.

चंद्राच्या अर्ध्या वाटेइतकी धाव

ही अट किती कठीण आहे ते आकड्यांवरून कळेल. संमीलनाच्या मोठ्या यंत्रात एका घनमीटरला साधारण एकावर वीस शून्ये इतकी अणुकेंद्रे असतात. आकडा मोठा वाटतो, पण आपल्या श्वासातल्या हवेत त्याच्या सुमारे अडीच लाख पट रेणू असतात. एवढ्या विरळ गर्दीत, दहा कोटी अंशांना, एखाद्या अणुकेंद्राचे संमीलन होण्यास सरासरी तीन-चार मिनिटे लागतात. तोवर सेकंदाला ११०० किलोमीटर या वेगाने त्याची धाव होईल दोन-अडीच लाख किलोमीटर! चंद्र आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, आणि यंत्राची भिंत आहे मीटर-दोन मीटरवर. काहीही आडवे आले नाही, तर कण सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या आत भिंतीला भिडेल आणि आपली सारी ऊर्जा तिला देऊन थंड होईल.

आता भांडे वितळण्याचा हिशेब करू. तापमान आणि उष्णता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तुम्ही आठवीपासून शिकत आला आहात. (मीही शिकवत आलो आहे, तरी विसरलो!) दहा कोटी अंशांना प्रत्येक कणाची सरासरी गतिज ऊर्जा काढा, तिला कणांच्या संख्येने गुणा आणि इलेक्ट्रॉनांनाही मोजायला विसरू नका. एक घनमीटर प्लाझ्मातली उष्णता येते सुमारे ४ लाख १० हजार जूल. एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे २ लाख ९३ हजार जूल लागतात. म्हणजे दहा कोटी अंश तापलेल्या एक घनमीटर प्लाझ्माच्या उष्णतेत चहाचे दीड लिटर आधणसुद्धा पुरते उकळणार नाही. टनावारी पोलादाचे भांडे त्याने कसे वितळावे?

वितळणार नाही. विझेल तो प्लाझ्मा. चुलीतला निखारा उचलून थंड फरशीवर टाकला तर फरशी जळत नाही, निखारा काळा पडतो. शिवाय भिंतीतून उडालेले जड धातूचे अणू आत शिरले, तर ते प्रकाश आणि क्षकिरण फेकून उरलीसुरली उष्णताही घालवतात. तेव्हा चुंबक हवा तो भांड्याला प्लाझ्मापासून वाचवण्यापेक्षा प्लाझ्माला भांड्यापासून वाचवण्यासाठी. त्याला भांडे म्हणण्यापेक्षा गोधडी म्हणणे जास्त बरोबर. गोधडी आपल्याला ऊब देत नाही, आपली ऊब बाहेर जाऊ देत नाही.

सूर्याला चुंबकाची गोधडी लागत नाही, कारण त्याचे स्वतःचे वजनच त्याला दाबून धरते आणि त्याचा आकार एवढा प्रचंड आहे, की केंद्रातली उष्णता बाहेर यायला हजारो वर्षे लागतात. म्हणून केंद्राशी दीड कोटी अंशांवर, अतिशय मंद गतीने जळत राहणे त्याला परवडते. किती मंद? सूर्याची सारी शक्ती त्याच्या वस्तुमानाला वाटली तर किलोमागे वॅटचा पाच हजारावा हिस्सा येतो. तुमचे शरीर किलोमागे वॅट-दीड वॅट उष्णता देते. वजनाच्या मानाने पाहिले तर वर्गात डुलक्या घेणारा मुलगाही सूर्यापेक्षा काही हजार पटींनी जास्त तापतो! आपल्याला सूर्याची नक्कल करून भागणार नाही, त्याच्यापेक्षा पुष्कळ घाई करावी लागेल. म्हणून ट्रिशियमसारखे लवकर जुळणारे इंधन आणि म्हणून दहा-पंधरा कोटी अंश.

चुंबक काय करतो, काय करत नाही

आधी काय करत नाही ते सांगतो, कारण परीक्षेत मुले हटकून चुकतात. चुंबकीय क्षेत्र अणुकेंद्रांना एकत्र ढकलत नाही. यंत्रातल्या क्षेत्राने संमीलनाच्या मूळ क्रियेत काही फरक पडत नाही. स्थिर चुंबकीय क्षेत्र कणाला तापवतही नाही, कारण त्याचे बल नेहमी कणाच्या गतीच्या दिशेला काटकोनात असते. काटकोनातले बल कार्य करीत नाही. ते वेग न वाढवता वाट तेवढी वाकवते.

तुमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात जुना पडदेवाला ऑसिलोस्कोप असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने त्याच्या पडद्यावरच्या ठिपक्याजवळ पट्टीचुंबक न्या. ठिपका सरकेल, पण चुंबकाकडे किंवा त्याच्यापासून दूर नव्हे, तर आडवा! ही आडवी खोड सतत चालू राहिली की वाट वाकत वाकत वर्तुळ होते. ५ टेस्ला क्षेत्रात (पृथ्वीच्या क्षेत्राच्या लाखभर पटींहून जास्त) दहा कोटी अंशांचे ड्यूटेरियमचे अणुकेंद्र चार-पाच मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढते, आणि हलका इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. भिंतीकडे निघालेला कण असा जागच्या जागी गरगरत राहतो. चुंबकाची सारी कामगिरी या चार-पाच मिलिमीटरांत आहे.

पण बलरेषेच्या दिशेने मात्र कणाला मोकळीक असते. गरगरत गरगरत तो रेषेवरून मण्यासारखा घसरत जातो आणि नळीच्या टोकातून बाहेर पडतो. टोक नकोच, म्हणून नळी वाकवून तिची बांगडी केली. इथे नवी पंचाईत उभी राहिली. बांगडीभोवती तारेची वेटोळी गुंडाळली की आतल्या कडेला ती दाट येतात, बाहेरच्या कडेला विरळ. साहजिकच क्षेत्र आत जोरदार आणि बाहेर कमजोर होते. वर्तुळाचा अर्धा भाग लहान, अर्धा मोठा, असे झाल्याने कणाचे वर्तुळ पुरे मिटत नाही. धनभारित कण हळूहळू वर सरकतात, इलेक्ट्रॉन खाली (किंवा उलट). वरखाली विरुद्ध भार साचले, की विद्युतक्षेत्र तयार होते आणि ते अख्ख्या प्लाझ्माला बाहेरच्या भिंतीवर नेऊन आपटते.

यावरचा उपाय पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार आवडला होता. काथ्याची दोरी पाहा. सुटे धागे सरळ ठेवले तर वरचा धागा वरच राहतो आणि खालचा खालीच. पीळ दिला, की प्रत्येक धागा कधी वर, कधी खाली, कधी आत, कधी बाहेर येतो. बलरेषांनाही असाच पीळ दिला, तर वर साचलेला भार रेषेवरूनच खाली वाहून येतो आणि हिशेब चुकता होतो. हा पीळ देण्यासाठी खुद्द प्लाझ्मातूनच बांगडीच्या गोलाईने मोठा विद्युतप्रवाह सोडायचा. त्या प्रवाहाचे क्षेत्र वेटोळ्यांच्या क्षेत्रात मिसळले, की रेषा आपोआप पिळल्या जातात. १९५० च्या सुमारास रशियात इगोर टॅम आणि आंद्रेई साखारोव यांनी ही योजना सुचवली. तिच्यावरून मॉस्कोच्या कुर्चातोव संस्थेत जी यंत्रे झाली त्यांना 'टोकामाक' म्हणतात. प्रवाहाची मदत न घेता बाहेरच्या वेटोळ्यांनाच वेडेवाकडे वळवून पीळ देणारी 'स्टेलरेटर' नावाची यंत्रेही आहेत. जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड येथे असे एक मोठे यंत्र २०१५ पासून चालू आहे. पण त्यांची कथा स्वतंत्र लेखाची आहे.

एक दाबाचा हिशेबही पाहून ठेवा. मघाच्या प्लाझ्माचा दाब भरतो हवेच्या दाबाच्या सुमारे पावणेतीन पट. ५ टेस्ला क्षेत्राचा 'दाब' मात्र हवेच्या शंभर पटींच्या घरात असतो. शंभर माणसांचे बळ लावून तीन माणसांना कोंडायचे, असा हा मामला! एवढी उधळपट्टी का, असे वाटेल. प्लाझ्मा हा फार वळवळ्या प्राणी आहे. क्षेत्राचा जोर कमी केला की तो फुगतो, मुरडतो, नागमोडी होतो आणि क्षणात भिंत गाठतो.

तापमान खरे की खोटे?

१९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याची युक्ती येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. त्या वेळी मोठ्या देशांतले याविषयीचे संशोधन गुप्त होते, त्यामुळे या उद्गारांनी खळबळ उडाली. भाकिताची मुदत कधीच टळून गेली, पण त्यात भाभांना हसण्यासारखे काही नाही. वळवळ्या प्राण्याची ओळख तेव्हा कोणालाच नीट झाली नव्हती.

ती ओळख ब्रिटिशांना पहिल्यांदा झाली, आणि चांगलीच महागात पडली. १९५८ च्या जानेवारीत त्यांनी जाहीर केले, की हार्वेल येथील 'झीटा' या बांगडीच्या आकाराच्या यंत्रात प्लाझ्मा सुमारे पन्नास लाख अंशांपर्यंत तापला असून त्यातून न्यूट्रॉन बाहेर पडत आहेत. वर्तमानपत्रांनी तो विषय डोक्यावर घेतला. काही महिन्यांतच कबूल करावे लागले, की न्यूट्रॉन खरे होते, पण ते उष्णतेचे नव्हते. प्लाझ्मा वळवळताना त्यात जागोजाग जोरदार विद्युतक्षेत्रे निर्माण होत आणि काही मोजक्या अणुकेंद्रांना वेग देऊन इतरांवर आदळवत. म्हणजे पुन्हा तोच माऱ्याचा प्रयोग, स्ट्रायकरचा एकेक टोला! सगळ्यांत वाटलेली ऊब तिथे नव्हतीच.

या फजितीमुळे पुढे कोणी मोठ्या तापमानाचे नाव काढले, की शास्त्रज्ञ आधी संशयाने पाहत. १९६८ मध्ये नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत रशियाच्या लेव्ह आर्त्सिमोविच यांनी सांगितले, की 'टी-३' टोकामाकात इलेक्ट्रॉनांचे तापमान एक कोटी अंशांच्या घरात पोचले आहे. इतरांच्या यंत्रांपेक्षा हा आकडा इतका पुढचा होता, की अनेकांना तो पटला नाही. तेव्हा आर्त्सिमोविच यांनी एक अपूर्व गोष्ट केली. शीतयुद्ध ऐन भरात असताना त्यांनी ब्रिटनच्या कल्हम प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना निमंत्रण दिले: तुमचा तापमापक घेऊन मॉस्कोला या आणि आमचे यंत्र तुम्हीच तपासा.

हा तापमापक काचेचा असणे शक्यच नव्हते. तो होता माणकाचा लेसर. आगगाडी आपल्याकडे येताना शिटी बारीक लागते आणि दूर जाताना जाड, हे तुम्ही ऐकले असेल. तसेच लेसरचा एकाच शुद्ध रंगाचा प्रकाश धावत्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरला, की काहीसा निळ्याकडे सरकतो, काहीसा तांबड्याकडे. इलेक्ट्रॉन जितके तापलेले, तितका तो शुद्ध रंग दोन्ही बाजूंना अधिक पसरतो. एखाददुसरा कण फार वेगाने धावत असेल तर तेवढ्याने फसवणूक होत नाही. पसरटपणाच्या आकारावरूनच कळते, की ही वाटलेली उष्णता आहे की चार जणांची धावाधाव. १९६९ मध्ये ब्रिटिशांनी मोजमाप केले. रशियनांचा आकडा खरा निघाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळा टोकामाककडे वळल्या. आपल्याकडे गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हा टोकामाक १९८९ मध्ये चालू झाला, आणि त्याच संस्थेत अतिसंवाहक चुंबकांच्या 'एसएसटी-१' या यंत्रात २०१३ मध्ये पहिला प्लाझ्मा तयार झाला.

तापवू तितकी गळते

एक कोटीवरून दहा कोटींवर जायला नुसता विद्युतप्रवाह वाढवून चालत नाही. तारेचा रोध तापल्यावर वाढतो, प्लाझ्माचा मात्र झपाट्याने घटतो. रोध घटला की उष्णता निर्माण होणेही घटते. जी शेगडी तापू लागली की स्वतःच तापायचे सोडून देते, तिच्यावर स्वयंपाक कसा व्हावा? म्हणून वरून दोन रीतींनी ऊब द्यावी लागते. एक, रेडिओच्या किंवा सूक्ष्म लहरी सोडायच्या. कणांच्या गरगरण्याच्या गतीशी त्यांची कंप्रता जुळली, की झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावावा तशी ऊर्जा आत जाते. दुसरी, वेगवान अणूंचा झोत मारायचा. पण भारित कणाला चुंबकीय क्षेत्र आत येऊच देणार नाही. म्हणून आधी आयनांना वेग द्यायचा, वाटेत त्यांना इलेक्ट्रॉन चिकटवून उदासीन करायचे, आणि उदासीन अणू म्हणून आत घुसवायचे. आत गेल्यावर इलेक्ट्रॉन पुन्हा झडतो आणि कण कायमचा अडकतो.

अशी भरपूर ऊब देऊ लागल्यावर एक निराशाजनक गोष्ट दिसली. जितके जास्त तापवावे, तितकी गोधडी जास्त गळू लागते. मध्ये दहा कोटी अंश आणि मीटर-दोन मीटरवर थंड भिंत, असा उतार असला की प्लाझ्मात लहान लहान भोवरे उठतात आणि आतली उष्णता बाहेर आणून टाकतात, जसे आधणातले पाणी खालची ऊब वर आणते. वर्तुळ चार-पाच मिलिमीटरचे असूनही कण या भोवऱ्यांवर बसून बाहेर येतो. १९८२ मध्ये जर्मनीत गार्चिंग येथे फ्रिट्झ वॅग्नर 'अ‍ॅस्डेक्स' टोकामाकवर काम करीत होते. तापवण्याची शक्ती एका मर्यादेपलीकडे नेली, तेव्हा गळती वाढण्याऐवजी एकदम कमी झाली! उष्णता टिकण्याचा काळ जवळजवळ दुप्पट झाला. प्लाझ्माच्या कडेला एक पातळ थर जोराने वाहू लागतो आणि भोवऱ्यांचे तुकडे करून टाकतो, असे पुढे दिसून आले. गोधडीला कडेने स्वतःच शिवण पडावी तसे हे झाले. शोधायला गेले म्हणून हे सापडले नव्हते, आणि त्याची सारी कारणमीमांसा अजूनही पुरी झालेली नाही.

ओल्या लाकडांची चूल फुंकणीने फुंकत राहिलो तर जळते, थांबलो की धुमसते. लाकडांची स्वतःची आच गळतीपेक्षा जास्त झाली, की मग फुंकणी बाजूला ठेवता येते. प्लाझ्मात ही आच हेलियमच्या अणुकेंद्राची असते. संमीलनातल्या ऊर्जेपैकी चार पंचमांश न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याला भार नाही, म्हणून तो चुंबकाला न जुमानता भिंतीत शिरतो, आणि पुढे पाणी तापवून वीज करायची ती त्याच्याच जिवावर. उरलेला पंचमांश हेलियमला मिळतो. हेलियम भारित असल्याने तो आत अडकतो आणि आजूबाजूच्या कणांना आपली ऊर्जा वाटतो. एका हेलियमची ही ऊर्जा इंधनाच्या पासष्टहून अधिक जोड्यांना, त्यांच्या इलेक्ट्रॉनांसकट, दहा कोटी अंशांपर्यंत तापवू शकते. म्हणजे उष्णता गळून जाण्याच्या आत शंभरातल्या दीड जोडीचे जरी संमीलन झाले, तरी फुंकणी ठेवता येईल. संमीलनाला मिनिटे लागतात हे ध्यानात घेतले, तर उष्णता चार-पाच सेकंद टिकली पाहिजे असे निघते. घनता वाढवली तर कमी काळ चालेल, कमी केली तर जास्त लागेल. हा हिशेब ब्रिटनच्या जॉन लॉसन यांनी १९५५ मध्येच मांडून ठेवला होता.

ती पाच सेकंदांची ऊब अजून कोणत्याही टोकामाकला साधलेली नाही. कल्हमच्या 'जेट' यंत्रात १९९७ मध्ये २४ मेगावॅट शक्तीने तापवून संमीलनाची १६ मेगावॅट मिळाली. त्याच यंत्राने २०२३ मध्ये, बंद होण्याआधी, पाच-सहा सेकंदांत ६९ मेगाजूल ऊर्जा दिली, तीही अवघ्या ०.२ मिलिग्रॅम इंधनातून. लग्नघरातल्या मोठ्या बंबाचे, सुमारे २३५ लिटर पाणी तेवढ्यात उकळेल. पण त्यासाठी त्याहून अधिक ऊर्जा आत घालावी लागली होती. (२०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत लेसरच्या माऱ्याने २.०५ मेगाजूल देऊन ३.१५ मेगाजूल मिळवले, ते वेगळ्या रीतीने, चुंबकाशिवाय.) उष्णता जास्त काळ टिकवण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे यंत्रच मोठे करणे; भोवऱ्यांना जास्त अंतर तोडावे लागते. फ्रान्समध्ये कादाराश येथे बांधले जात असलेले 'ईटर' यंत्र म्हणूनच अवाढव्य आहे. त्यात ५० मेगावॅट घालून ५०० मेगावॅट मिळवायचे आहेत. त्याच्या अतिसंवाहक चुंबकांना उणे २६९ अंश थंडी लागते, आणि तिथून काही मीटरवर पंधरा कोटी अंश! भारत या प्रकल्पात २००५ पासून भागीदार आहे. सगळ्या यंत्राला बाहेरून झाकणारे तीस मीटर उंचीचे पोलादी निर्वात पात्र गुजरातमध्ये हजिरा येथे तयार झाले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकाप्रमाणे तिथे ड्यूटेरियम आणि ट्रिशियम यांचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहेत. आज नववीत असलेली मुले तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर असतील.

तर त्या मुलीला मी पत्र लिहिले आणि ही सारी आकडेमोड पाठवली. पंधरा दिवसांनी तिचे उत्तर आले. तिने 'ईटर'च्या प्लाझ्माचे आकारमान कुठूनतरी शोधून काढले होते: ८४० घनमीटर. माझ्या ४ लाख १० हजार जूलना तिने ८४० ने गुणले आणि खाली लिहिले, "सर, हे सुमारे ३४ कोटी जूल होतात. चुंबकाची पकड अचानक सुटली आणि एवढी सगळी उष्णता भिंतीच्या एकाच पट्ट्यावर सांडली तर?"

तर तो पट्टा वितळेल. अशी पकड खरोखरच कधीकधी सुटते, आणि ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागात सुटते. 'ईटर'च्या आतल्या भिंतीला आधी बेरिलियम लावायचे ठरले होते, ते बदलून आता ३४२२ अंशांना वितळणारे टंगस्टन घ्यायचे ठरले आहे, आणि सुटू पाहणारा प्लाझ्मा वेळीच विझवण्यासाठी त्यात गोठवलेल्या वायूच्या गोळ्या मारण्याची सोय केली जात आहे. एवढे तिला कळवले आहे. लहान यंत्रांपुरते माझे नवे उत्तर बरोबर आहे, मोठ्यांच्या बाबतीत जुन्या वाक्यातही थोडे तथ्य आहे, असेही त्यात लिहिले. तिचे पुढचे पत्र अजून यायचे आहे.